महागडा पाना घ्यावा का? मिस्तरीला आलेले सवाल

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय, भारीतली हत्यारं घ्यावीत का नाही. दसरा झाला की दरवर्षी हे होतं. खंडेनवमीला पेटी रिकामी करून सगळं धुऊन-पुसून मांडलं की मग माणसाला दिसतं, आपला बारा-तेराचा पाना तोंड वासून बसलाय आणि पक्कडीचा एक दात धड नाही. म्हणून या वेळेला ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग मशीनचे सवाल पुढच्या महिन्यावर ढकललेत, फक्त हातानं चालवायच्या सामानावर बोलू.

सवाल: दोन वर्षं जालन्यात एका गॅरेजवर काम शिकलो, आता गावाकडं स्वतःचं टाकायलोय. टू-व्हीलरचंच काम. हत्यारांसाठी २५ हजार जमवलेत. आमचे उस्ताद म्हणतात एकदाच इम्पोर्टेड भारीतलं घे, जिंदगीभर बघायला नको. मित्र म्हणतो आठवडी बाजारात मिळतंय ते आण, नट खोलायचाच तर आहे. कोणाचं ऐकू? (एक वाचक, अंबड तालुका)

भाऊ, उस्ताद निम्मे बरोबर आहेत, मित्र पाव बरोबर आहे.

आधी एक बघा, हलका पाना खराब निघाला तर नुकसान पान्याचं होत नाही, बोल्टचं होतं. माझी सगळी उमर विहिरीवरच्या मोटारी आणि डिझेल इंजिनं खोलण्यात गेली, पाना मोडून दोन तुकडे झालेले मी हाताच्या बोटावर मोजण्याइतके बघितले असतील, पण पान्यानं गोल करून ठेवलेले बोल्ट पोतंभर बघितलेत. हलक्या पान्याचं तोंड जोर दिला की केसभर उघडतं, डोळ्याला दिसतबी नाही, पण फिक्स पाना बोल्टला दोनच बाजूनं धरतो ना, तेवढ्या केसभरात तो कोपऱ्यावर चढतो आणि कोपरा खाऊन टाकतो. मग छन्नी आणा, मग वेल्डिंगवाल्याला बोलवा, तोवर गिऱ्हाईक डोक्यावर उभं. पन्नास-साठ रुपये वाचले आणि अख्खी दुपार गेली.

आणि बोल्ट तर मिळतो बाजारात, बोटं मिळत नाहीत. मी विशीत असताना एका मळ्यावर इंजिनाचं हेड खोलायलो होतो, मालकानंच त्याच्या घरचा पाना दिला, चकचकीत होता, मी पायानं रेटा देऊन जोर लावला आणि तो सटकला. उजव्या हाताची दोन पेरं स्टडवर जाऊन आपटली, आतलं पांढरं दिसलं. थंडीत अजूनबी ती बोटं सकाळी उशिरा जागी होतात. तेव्हापासून दुसऱ्याच्या पान्यानं मी घट्ट बोल्ट खोलत नाही, मालक नाराज झाला तरी चालंल.

आता भारीतल्या पान्यात पैसे कशाचे लागतात ते सांगतो म्हणजे तुम्हाला दुकानात कळंल. एक म्हणजे पोलाद, बहुतेक क्रोम व्हॅनेडियम, पण ही अक्षरं आता हलक्यातल्या हलक्या पान्यावरबी कोरलेली असतात, त्यामुळं नुसतं वाचून भुलू नका. दुसरं, तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, तोंड उघडायला नको आणि काचेसारखं तडकायलाबी नको, हे जमवणं सगळ्यात अवघड. तिसरं, तोंडाच्या आतल्या दोन बाजू एकमेकीला समांतर आणि मापाला बरोबर. आणि रिंग पान्यात अजून एक गोष्ट असते जी लोकांच्या ध्यानात येत नाही, चांगल्या पोलादाची रिंग पातळ ठेवता येते. हलक्या पोलादाची रिंग पातळ केली तर फाटते म्हणून ते जाड करतात, मग ती इंजिनाच्या कडेला अडचणीतल्या नटावर बसतच नाही. चांगल्या रिंगला आतून असा आकार असतो की जोर कोपऱ्यावर न येता बोल्टच्या सपाट बाजूवर येतो. अर्धवट गोल झालेला नटबी मग निघतो.

दुकानात जाताना खिशात १० आणि १४ मापाच्या डोक्याचे दोन कोरे करकरीत बोल्ट घेऊन जा. पाना बसवा आणि हलवून बघा. थोडा खेळ असणारच, पण लपलप हलायला लागला तर तिथंच ठेवून या. फिक्स पान्याला आयएस २०२८ आणि रिंग पान्याला आयएस २०२९ असं भारतीय मानक आहे, ते छापलंय का बघा. डुप्लिकेट मालावरबी छापलेलं असतंय म्हणा, म्हणून बोल्ट लावून बघणं चुकवू नका.

इम्पोर्टेडचं म्हणाल तर, अमेरिकेत स्नॅप-ऑन म्हणून कंपनी आहे, १९२० पासूनची, त्यांची गाडी तिकडं गॅरेजच्या दारात येते, मोडलं तर तिथल्या तिथं बदलून देते. त्या जादा किमतीत ती गाडीबी आली. अंबडला तुमच्या दारात कोण येणार आहे? वॉरंटीसाठी एक पाना घेऊन संभाजीनगरला नाहीतर पुण्याला गेलात तर एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस धरून नवीन पाना येतो. म्हणून मी तरी आपल्याकडच्या माणसाला मधल्या किमतीचं सांगतो. टपारिया घ्या की. १९६९ ला स्वीडनच्या कंपनीकडून तंत्र घेऊन काम सुरू केलेलं, कारखाना नाशिकला. आपल्याकडच्या निम्म्या गॅरेजांत तेच दिसतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पंजाबातल्या जालंधर-लुधियानाचाबी माल येतो, त्यात एक्स्पोर्टचा उत्तम माल आहे आणि अगदीच रद्दीबी आहे, नाव एकच नसतं म्हणून बोल्ट लावून बघून घ्या.

तुमच्या कामाला ८, १०, १२, १४, १७ हे रिंग-फिक्स जोडपाने आणि ८, १०, १२ चे टी पाने चांगल्यातले घ्या. जपानी वळणाच्या गाड्यांना, म्हणजे जुन्या हिरो होंडा वगैरे, हीच मापं फिरून फिरून लागतात, सेटमधले ११, १३, १५ डब्यात गंजत पडतात. जुनी बजाज स्कूटर आली तर मात्र अकरा-तेराच लागतो, म्हणून ते साधे असले तरी पेटीत असू द्या. ट्रॅक्टरवाला येऊन म्हणंल जरा एवढं बघा, तर आधी बोल्ट बघा, जुन्या मॅसी फर्ग्युसनला इंची बोल्ट आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला तेराचा पाना बसतो खरा पण सैल बसतो, आणि तिथंच कोपरे जातात.

स्क्रू ड्रायव्हरवर हात आखडू नका. कार्ब्युरेटरवरचे, मास्टर सिलिंडरच्या टाकीवरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात, जेआयएस म्हणतात, कधी कधी डोक्यावर एक बारीक टिंब असतं. त्याला साधा फिलिप्स लावला की तो बुडापर्यंत बसत नाही, जोर दिला की उसळून वर येतो आणि फुलीची वाटी करून ठेवतो. जेआयएसचा दोन नंबर एक घ्या, महाग वाटंल, पण आठवड्यात पैसे वसूल.

हातोडी, छन्नी, पंच, तेलाचं तसराळं, हे बाजारातलं चालंल. तुमच्या मित्राचं पाव बरोबर म्हणलो ते इथं. फक्त हातोडीवर हातोडी मारू नका, दोन्ही तोंडं कडक असतात, टवका उडून डोळ्यात जातो.

आणि २५ हजार एकदम संपवू नका राव. निम्म्यात सुरुवात करा. सहा महिन्यांनी पेटीत बघा, कोणता पाना काळा पडून झिजलाय आणि कोणत्याचं प्लास्टिकबी निघालं नाही, मग उरलेले पैसे कुठं घालायचे ते पेटीच सांगंल.

सवाल: आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो. मोबाईलवर रंग दिलेला, लाकडी मुठीचा कोयता दिसतो, 'हाय कार्बन' लिहिलेलं असतं, किंमत गावातल्या लोहाराच्या दुप्पट. मालक म्हणतात घेऊ एक, माझं मन होईना. शेजारच्या पोराकडून लिहून घेतलंय. (एक भगिनी, केज तालुका, जि. बीड)

ताई, तुमचं मन बरोबर सांगायलंय.

तुमच्या धंद्यात तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, उचलबी कोयत्यावर मिळते, म्हणजे हत्यार आणि माणूस वेगळं मोजतच नाहीत. मग ते हत्यार न बघता, हातात न घेता मागवायचं कसं? कोयत्याचं वजन, बाक, मूठ हे हाताला बसावं लागतं, तुमची मूठ मालकांच्या मुठीपेक्षा लहान असणार, दिवसभर जाड मुठीवर बोटं ताणली की संध्याकाळी भाकरी थापता येत नाही. लोहार हात बघून मूठ बसवतो. डावखुरं माणूस असंल तर धारबी उलट्या अंगानं काढून देतो, पार्सलमध्ये ही सोय नाही.

पोलादाचं मात्र लोहाराला स्पष्ट विचारा, कशाचा करायलास? ट्रकच्या कमानीचा पाटा असंल तर डोळे झाकून करून घ्या. त्या पोलादात कार्बन शेकडा अर्ध्याच्या वर असतो, म्हणून त्याला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केलं, की धार धरते. सळईचा तुकडा ठोकून केला असंल तर नको. जालन्याची सळई वाईट आहे असं नाही, आपल्या भागातली किती घरं तिच्यावर उभी आहेत, पण सळई वाकली पाहिजे, मोडली नाही पाहिजे म्हणून तिच्यात कार्बन मुद्दाम कमी ठेवतात, ०.३ टक्क्याच्या आत. तिला कितीबी पाणी पाजा, धार दोन मोळ्यांत बसते.

पाणी देतानाबी सांगा, धारेच्या दोन बोटं रुंदीलाच दे, पाठ मऊ राहू दे. अख्खा कोयता कडक केला तर दगडावर बसला की तुकडा उडतो, आणि तुम्हाला तर जमिनीलगत तोडावं लागतं, बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त म्हणून, तिथंच खडे-गोटे. घरी आणला की धारेवर कानस फिरवून बघा. कानस नुसती घसरली तर फार कडक, लोण्यासारखी बसली तर मऊ, कुरकुरत जरा जरा खाल्ली तर झकास.

एक चूक सगळेच करतात. बाजारात धारवाल्याच्या मशीनवर घाईत धार लावून घेतात, ठिणग्या उडतात, बरं वाटतं, पण धार निळी पडली की संपलं. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशाच्या आसपास तापलं, लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. धारवाल्याला म्हणा, जरा घासला की पाण्यात बुडव, जरा घासला की बुडव. नाहीतर कोपीवर, आपल्या पाचटाच्या झोपडीवर, रोज संध्याकाळी कानशीनंच लावा, कानस ढकलताना कापते, मागं घेताना उचलायची, मागं रगडली की कानशीचेच दात जातात. ती कानस मात्र चांगल्यातली घ्या आणि तिला लाकडी मूठ बसवा, तिचं शेपूट तळहातात घुसलेलं मी बघितलंय. कोयता दुप्पट किमतीचा नको, कानस दुप्पट किमतीची चालंल.

सवाल: निवृत्त शिक्षक आहे. मुलगा पुण्याहून ऑनलाइन १०८ नगांचा टूल किट पाठवतो म्हणतोय. घरात नळ, खुर्ची, बल्ब एवढंच काम. घेऊ का? (एक वाचक, लातूर)

गुरुजी, नको. १०८ नगांत ६०-७० तर स्क्रू ड्रायव्हरची इवलीइवली टोकं असतात, नग वाढवायला. पोराला म्हणा त्याच पैशात गंजगोलाईतून पाच वस्तू घेतो: एक पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, दहा इंची स्लाइड पाना, लहान हातोडी. झालं.

यातली पक्कड तेवढी नीट बघून घ्या. उजेडाकडं धरून मिटवा, तार तोडायच्या जागी फट दिसायला नको. दुकानातलाच वहीचा कागद त्या जागी धरून दाबा, सरळ कापला तर ठीक, दुमडून राहिला तर ती पक्कड तार तोडणार नाही, चावत बसंल. आणि लाइटच्या कामाला वापरणार असाल तर मुठीवर १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण कोरलेली बघा. साधं लाल-पिवळं प्लास्टिक हे हाताला मऊ लागावं म्हणून असतं, करंट अडवायला नाही, आणि हे दुकानदारबी सांगत नाहीत. खूण असली तरी मेन स्विच बंद करूनच हात घाला.

सवाल: डाळिंबाच्या छाटणीला भारीतली कात्री घ्यावी का? (एक शेतकरी, धाराशिव)

छाटणी स्वतः करत असाल तर घ्या. स्वित्झर्लंडच्या फेल्कोसारख्या कात्रीचं पातं, स्प्रिंग, बोल्ट सगळं सुटं मिळतं, म्हणजे पातं बदलून तीच कात्री कितीतरी वर्षं चालते. मजुरांकडून करून घेत असाल तर साधी घ्या, पण चार घ्या, कारण तेल्या रोग असलेल्या बागेत प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची असते आणि एकच कात्री असली की माणूस कंटाळा करून तशीच पुढच्या झाडाला लावतो. त्या पाण्यानं लोखंड खातं, संध्याकाळी धुऊन तेल लावायला विसरू नका, मग ती स्वित्झर्लंडची असो नाहीतर शिवाजी चौकातली.

सवाल: मिस्तरी, दुसऱ्याला सांगता ते सोडा, तुम्ही स्वतः कधी भारीतलं घेतलं का आणि पैसे वाया गेले का, ते खरं सांगा. (एक वाचक, नांदेड)

दोन्ही सांगतो. वाया गेले ते आधी. एकदा संभाजीनगरला पैठण गेटजवळ लाल मखमलीच्या पेटीतला रॅचेट सेट बघितला आणि डोकंच फिरलं, बायकोला न सांगता घेतला. त्यात सगळे गोटी पाने, आणि विहिरीवरच्या कामाला गोटी पाना लागतो कधी? वर्षातून दोनदा. चिखलात ती पेटी उघडायची इच्छाच होत नाही. पोराच्या लग्नात पाहुण्यांना दाखवली, तेवढाच उपयोग.

आणि वसूल झालेली वस्तू म्हणजे निपेक्सची पाइप धरायची पक्कड, कोब्रा म्हणतात. जर्मनीच्या वुपरटाल गावची कंपनी, १८८२ पासूनची. तेव्हा मला तिच्यासाठी चार दिवसांची मजुरी द्यावी लागली, सगळे हसले. पण विहिरीत उतरून काम करणाऱ्याचा एक हात कायम दोरावर नाहीतर शिडीवर असतो. साधी पाइप पक्कड सरकवायला दोन हात लागतात, ही बटण दाबून एका हातानं लागते आणि एकदा पाइपावर बसली की जोर देईल तशी आवळतच जाते. मी पैसे दिले ते त्या बटणाचे, जर्मनीचे नाही.

तीच पक्कड २०१५ च्या दिवाळीआधी एका मळ्यावर माझ्या हातातून सुटून विहिरीत गेली. गळ टाकून बघितलं, लोहचुंबक टाकून बघितलं, नाही. घरी येऊन जेवलो नाही. पुढचा उन्हाळा म्हणजे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तोच, २०१६ चा, त्यात ती विहीर ठणठणीत कोरडी पडली आणि मालकानं गाळ काढायला घेतला. गाळाच्या ढिगात एका बाईला ती सापडली, मिटलेली, मातीचा गोळा होऊन. मालकानं फोन केला. दोन दिवस डिझेलमध्ये ठेवली, तिसऱ्या दिवशी बटण कुरकुरलं आणि उघडली. दात अजून शाबूत आहेत, मुठीचं प्लास्टिक तेवढं पांढरं पडलंय. अशा वर्षी आपण विहिरीत पक्कड सापडली म्हणून खूश झालो, याची नंतर जरा शरमच वाटली, ते वेगळं.

सवाल: चांगली हत्यारं घेतली की शेजारी-पाजारी उसनी मागायला येतात, परत येत नाहीत. नाही कसं म्हणायचं? (एक वाचक, हिंगोली)

नाही म्हणता येत नाही हो, गावात राहायचंय. आमच्याकडं हा प्रश्न घरच्यांनी सोडवला. मी कामावर असताना कोणीबी यायचं, 'वहिनी, जरा पाना द्या', आणि त्या बिचारीला कळायचं नाही कोणता द्यायचा, भारीतलाच जायचा. मग तिनं आठवडी बाजारातून एक हलका सेट आणि एक पक्कड आणली, सगळ्यांच्या मुठीवर लाल ऑइल पेंटचा पट्टा मारला आणि दारामागच्या खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवलं, मागायला आला की ती पिशवीच पुढं करायची. माझी पेटी कुलपात. याला आता आठ-नऊ वर्षं झाली. माझ्या कुलपातल्या पेटीतले दोन पाने तेवढ्यात हरवलेत, कुठं ते मलाच ठाऊक नाही, पण लाल पट्ट्यावाला एकबी हरवला नाही, लोक आणून देतात आणि वर म्हणतात, वहिनी, जरा बरा पाना घ्या की आता.